डब्यातले पैसे आणि पीएच.डी.

या आठवड्यात साबुदाण्याच्या पापड्यांबद्दल लिहायचं मी कबूल केलं होतं. पण वाळवणं एक आठवडा थांबतील. टपालातून आलेलं एक पत्र मात्र थांबण्यासारखं नाही.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीने नाव-गाव छापू नका म्हटलंय. तालुक्याच्या गावी राहतात, वय अडतीस, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. मिस्टरांचं हार्डवेअरचं दुकान आहे. लग्नानंतर त्यांनी आधी एल.एल.बी. केलं, मग एल.एल.एम. तेही एकसष्ट टक्के मिळवून! २०२१ साली पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. विषय : व्यापारी कायदे आणि करआकारणी. पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगते : ‘‘दोन प्रकरणं लिहून झाली, तीन राहिली. मधली दीड वर्षं सासूबाईंच्या आजारपणात गेली. मिस्टर म्हणतात, टॅक्सचं बघायला आपले सी.ए. आहेत, तू त्यात डोकं घालून काय मिळवणार? गाइड म्हणतात, मुदत संपत आली, नेटाने लिहा नाहीतर नाव काढून घ्या. ताई, काढून घेऊ का?’’

आता मी काही वकील नाही. साधी बी.ए., शाळेत अर्धवेळ शिकवते नि उरलेला वेळ घर बघते. पण माझी धाकटी जाऊ याच विषयात याच वाटेने चालली आहे. तिच्या प्रबंधाचं पान न् पान मी वाचलंय. व्याकरण तपासायला म्हणून वाचायला घेतलं आणि मग गोष्टीच्या पुस्तकासारखी ओढ लागली. तेव्हा तिच्याशी बोलून, नियम तिच्याकडून समजून घेऊन हे लिहिते आहे. उत्तर आधीच सांगून टाकते : नाव काढू नका. निदान एक अर्ज केल्याशिवाय तर नाहीच.

मुदतीचं आधी बघू, कारण घाबरायला होतं ते तिथेच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे पीएच.डी.चे नियम आहेत. आत्ताचे नियम ७ नोव्हेंबर २०२२चे. त्यांत कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा वर्षं अशी मुदत आहे. सहा वर्षांत झालं नाही तर पुन्हा नाव नोंदवून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. आणि बाईमाणसाला त्यावर अजून दोन, म्हणजे सगळी मिळून दहा. पत्र पाठवणाऱ्या भगिनीची नोंदणी २०२१ची, तिला आधीचे २०१६चे नियम लागू. त्यांतही सहा वर्षांच्या मुदतीत बायकांना दोन वर्षांची सवलत देता येते. म्हणजे पाचव्या वर्षात गाडी स्टेशनातून सुटलेली नाही. मात्र ‘देता येते’ हे शब्द नीट वाचा. आपोआप कोणी देत नाही, मागावी लागते. मुदत संपायच्या आत, लेखी मागावी लागते.

दोन्ही नियमांत आणखी एक तरतूद आहे. बाळंतपण आणि मुलांचं संगोपन यांसाठी सगळ्या काळात मिळून एकदा २४० दिवसांची रजा. जावेने तिच्या मुलीच्या वेळी ती घेतली होती. आता या भगिनीची दीड वर्षं गेली ती सासूबाईंच्या उशाशी. त्याला ही रजा लागू नाही. मुलाचं करताना जो वेळ जातो तो कायद्याला दिसतो, म्हातारीचं करताना जातो तो दिसत नाही. घरात दोन्ही एकाच बाईला करावं लागतं, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं होतं. असो. दोन वर्षांची सवलत मागताना मात्र हे कारण अर्जात जरूर लिहावं, दवाखान्याची कागदपत्रं जोडावीत. लाजायचं काय त्यात?

आता मिस्टरांचा प्रश्न : त्यात डोकं घालून काय मिळणार? टॅक्स म्हणजे पुरुषांची, नाहीतर सी.ए.ची आकडेमोड, असं मलाही जाऊबाईंचे कागद हाती पडेपर्यंत वाटायचं. पण करकायद्याचे जुने निकाल वाचा हो! आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेले आहेत ते.

तुमच्या-माझ्या डाळीच्या डब्यात जे पैसे असतात ना, घरखर्चातून वाचवलेले, त्यांचं काय होतं? नवऱ्याने आपली मालमत्ता फुकट बायकोच्या नावे केली, तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. याला ‘क्लबिंग’ म्हणतात. कर चुकवायला बायकोचं नाव वापरू नये म्हणून ही तरतूद. ठीकच आहे. मग घरखर्चाला दिलेल्या पैशांतून बायकोने काटकसर करून काही घेतलं, तर तेही नवऱ्याचंच धरायचं का? हा वाद आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयापुढे गेला होता. १९५६च्या आयकर निकालपत्रांत तो निकाल आहे. घरखर्चाला आणि कपड्यालत्त्याला दिलेला पैसा म्हणजे मालमत्तेचं हस्तांतर नव्हे, असं न्यायालयाने मानलं. म्हणजे डब्यातले पैसे बाईचे! सत्तर वर्षांपूर्वी विदर्भातल्या कोर्टाने हे म्हणून ठेवलंय, आणि आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

तोच डबा पुन्हा उघडला २०१६च्या नोव्हेंबरात. नोटाबंदी आली तेव्हा घरोघरी काय झालं ते आठवतं ना? साडीच्या घडीतून, तांदळाच्या पिंपातून नोटा निघाल्या, नवरे चकित झाले. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीने दोन लाख अकरा हजार पाचशे रुपये बँकेत भरले. आयकर खात्याने विचारलं, हे आले कुठून? प्रकरण आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणापर्यंत गेलं. जून २०२१मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं की नोटाबंदीच्या वेळी गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरलेली रक्कम नुसत्या संशयावरून अघोषित उत्पन्न म्हणून धरू नये. वर्षानुवर्षं घर चालवणारी बाई पैसे साठवते, हे त्यांनी मान्य केलं. पण अडीच लाखांपर्यंतच, आणि त्या वेळेपुरतंच, हेही बजावून ठेवलं. जावेच्या प्रबंधात या दोन निकालांवर मिळून अकरा पानं आहेत. मी ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ‘‘एवढी अकरा पानं कशाला? मला विचारलं असतं तर एका ओळीत सांगितलं असतं.’’

एक गमतीचा निकालही आहे. एका गृहस्थांनी लग्नाआधी आपल्या नियोजित वधूला कंपनीचे शेअर्स दिले, मग लग्न केलं. खात्याचं म्हणणं, बायकोला दिले, तेव्हा उत्पन्न तुमचंच. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली सांगितलं की दिले त्या दिवशी ती बायको नव्हती, तेव्हा क्लबिंग नाही. साखरपुडा आणि लग्न यांतल्या अंतराला कायद्याने केवढी किंमत दिली बघा!

आता जावेचा मुख्य विषय. तो थोडा जड आहे, पण सावकाश वाचा, कारण तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या घरी ती फाइल कपाटात असणार. हिंदू अविभक्त कुटुंब, ज्याला सगळे एच.यू.एफ. म्हणतात. आयकराच्या कायद्यात अशा कुटुंबाला वेगळी ‘व्यक्ती’ मानतात. त्याचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळं. सह्या करतो तो कर्ता. सून त्या कुटुंबाची सभासद असते, पण जन्माने हक्क असणारी सहदायाद नसते. नवरा आणि मुलं वाटणी करायला बसली तर बायकोला मुलाइतका हिस्सा मिळतो. पण ‘वाटणी करा’ असं स्वतः होऊन म्हणायचा हक्क तिला नाही.

नवरा गेला, मुलं लहान, तर बाईला कर्ता होता येतं का? चाळीसच्या दशकात नागपूरच्याच उच्च न्यायालयाने ‘होय’ म्हटलं होतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने, एका साखर कारखानदार घराण्याच्या आयकराच्या खटल्यात, ‘नाही’ म्हटलं : जी सहदायाद नाही ती कर्ता नाही. पुढे काळ बदलला. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायादाचा हक्क दिला, पण तेव्हा ज्यांची लग्नं होऊन गेली होती त्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५पासून देशभर सगळ्याच मुलींना तो मिळाला. त्या दिवशी वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५मध्ये थोरल्या मुलीला कर्ता मानलं. म्हणजे आज चित्र असं की लेक माहेरच्या कुटुंबाची कर्ता होऊ शकते, आणि तीच बाई सासरी तीस वर्षं राबली तरी होऊ शकत नाही.

आणि १९७५चा तो निकाल! एका गृहस्थांना बायको नि एक अविवाहित मुलगी. आपली इमारत त्यांनी कुटुंबाच्या खात्यात टाकली आणि उत्पन्न कुटुंबाचं धरा म्हणाले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, बायको आणि मुलगी मिळून कुटुंब होऊ शकतं हे खरं, पण तुम्हाला मुलगा नाही, त्यामुळे या इमारतीवर हक्क सांगणारं दुसरं कुणी नाही. तेव्हा उत्पन्न तुमचं एकट्याचं. मुलगा असता तर वादाचं रूप वेगळं झालं असतं. आता जावेचा प्रश्न असा की २००५नंतर मुलगीही जन्माने हक्कदार झाली, तर मग त्या निकालातला किती भाग आज उभा राहतो? १९६९ अखेरनंतर स्वतःची मालमत्ता कुटुंबात टाकली तर तिचं उत्पन्न टाकणाऱ्याच्याच नावे धरायची तरतूद आधीच आहे, म्हणून खरा प्रश्न वडिलोपार्जित मालमत्तेचा उरतो. फक्त मुली असलेल्या घरांचा कर कसा मोजायचा? हा झाला संशोधनाचा प्रश्न. अरुंद, धारदार. ‘भारतातील करव्यवस्था : एक अभ्यास’ असलं गोणपाटाएवढं नाव घेऊन बसलं की दहा वर्षंही पुरत नाहीत.

हा विषय घेतला म्हणून आमच्या घरी काय झालं तेही सांगते, कारण पत्र पाठवणाऱ्या भगिनीच्या घरीही वेगळं काही चाललं नसावं. मामंजींच्या वेळची आमची एच.यू.एफ.ची फाइल आहे. ते गेल्यावर कर्ता म्हणून सह्या आमचे ‘हे’ करतात. जावेने एके दिवशी जेवणं झाल्यावर सहज विचारलं, ‘‘भाऊजी, जुनी विवरणपत्रं बघायला मिळतील का?’’ ‘हे’ एकदम गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘घरचे कागद विद्यापीठात कशाला?’’ दीर पानावरून उठून गेले. बायको भावाकडे हिशेब मागते आहे असं त्यांना वाटलं असावं. आठ दिवस घरात सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे बोलत होते. ते भांडणापेक्षा वाईट असतं.

तिढा सुटला तो सासूबाईंमुळे. त्यांनी लेकालाच विचारलं, ‘‘त्या कागदांत माझं नाव कुठं आहे?’’ यांना सांगता येईना. फाइल काढली. सभासदांच्या यादीत नाव होतं, पण ते ‘अमुकांची पत्नी’ एवढंच, स्वतःचं नाव कुणी लिहिलंच नव्हतं. मामंजींच्या हिश्श्याची त्या वारस आहेत, आणि त्यांचा हिस्सा किती हे आजवर कुणी मांडून ठेवलेलं नाही, हे जावेने त्यांना समजावून सांगितलं. सासूबाईंनी काही मागितलं नाही. ‘‘लिहून ठेवा मात्र,’’ एवढंच म्हणाल्या. यांनी पुढच्या रविवारी सी.ए.ना बोलावून ते लिहून घेतलं. आमच्या घरचा एकही कागद प्रबंधात गेलेला नाही. जावेनेच तो नियम केला होता की घरच्यांचे, शेजाऱ्यांचे, ओळखीच्या दुकानदारांचे कागद त्यांच्या लेखी संमतीशिवाय वापरायचे नाहीत, आणि वापरले तरी नावं नाहीत. पत्र पाठवणाऱ्या ताई, तुमच्या मिस्टरांच्या मनात हीच भीती नाही ना, एकदा सरळ विचारून बघा. दुकानदार माणसाला घरात कायदा वाचणारी बायको म्हणजे घरात इन्स्पेक्टर वाटू शकतो.

आणि सी.ए. आहेतच, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण सी.ए. तुमचं विवरणपत्र कायद्याप्रमाणे भरून देतो. कायदा तसा का आहे आणि कुणाला जाचतो, हे विचारणं त्याचं काम नव्हे. त्यासाठी त्याला आपण पैसेही देत नाही.

बरं, प्रबंधच्या प्रबंध शिळा व्हायची भीती या विषयात फार. दर वर्षी अंदाजपत्रक येतं, कलमं बदलतात. त्यात १९६१चा आयकर कायदा जाऊन संसदेने २०२५ साली नवा केला. २१ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ एप्रिल २०२६पासून त्याचा अंमल ठरला. ५३६ कलमं, २३ प्रकरणं, १६ परिशिष्टं. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ हा घोळ काढून एकच ‘कर वर्ष’ आणलं. जुन्या कायद्यात कलमांना शेपट्या फुटून त्यांची संख्या आठशेच्या वर गेली होती, त्या मानाने हे सुटसुटीत. पण जावेच्या तळटिपांतले सगळे आकडे बदलले! दोन दिवस ती डोक्याला हात लावून बसली. मग एक वही केली : डाव्या पानावर जुनं कलम, उजव्या पानावर नवं, आणि खाली एक ओळ की शब्द बदलले की नुसता आकडा. आता ती म्हणते की ही वहीच प्रबंधाचं नवं प्रकरण होणार. पत्र पाठवणाऱ्या भगिनीचा विषय आयकराचा असेल तर तिची दोन लिहिलेली प्रकरणंही अशी चाळून घ्यावी लागतील. मुदत मागण्याच्या अर्जात हेही एक सबळ कारण आहे. कायदाच बदलला, त्याला बाई काय करणार?

खर्चाची मात्र पूर्वीइतकी धास्ती नको. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल २०२३पासून त्यांच्याच संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, काहींचे मराठी अनुवादही असतात. ‘इंडियन कानून’वर उच्च न्यायालयांचे निकाल मिळतात. आणि ‘शोधगंगा’ उघडून बघाच. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे ठेवलेले आहेत. आपला विषय कुणी आधी केलाय का, हे तिथे तासाभरात कळतं. पण तिथून उतरवून घ्यायचा मोह नको. २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत चालतं, त्यापुढे अडचण सुरू होते, आणि यंत्र काही आपली गरिबी बघत नाही.

आता ज्यांची अजून सुरुवातच व्हायची आहे, अशा भगिनींसाठी थोडं. बी.ए., बी.कॉम. काहीही असलं तरी तीन वर्षांचं एल.एल.बी. करता येतं. महाराष्ट्रात त्याची राज्याची प्रवेशपरीक्षा असते, खुल्या गटाला पदवीला ४५ टक्के लागतात, वयाची अट नाही. पुढे एल.एल.एम.; ते कुठे दोन वर्षांचं, कुठे एका वर्षाचं. शेवटी एक छोटा प्रबंध असतो. तो उरकायचा म्हणून उरकू नका, पीएच.डी.ची तालीम तीच. वकिली न करता नुसता विषय शिकायचा असेल तर एम.कॉम.ची वाट आहे. वाणिज्य विषयाच्या ‘नेट’ परीक्षेत नववा घटक व्यवसायाच्या कायदेशीर बाजूंचा आणि दहावा आयकराचा आहे, तेव्हा तिकडूनही या विषयाशी येऊन मिळता येतं. एम.फिल.चं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ती पदवी २०२२च्या नियमांनी बंद झाली.

पीएच.डी.ला पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के हवेत, राखीव गटांना पाच टक्क्यांची सूट. हा आकडा आत्ताच भिंतीवर लिहून ठेवा. चोपन्न टक्क्यांवर अडकलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. २०२४पासून ‘नेट’चे गुण प्रवेशासाठी धरतात, त्यांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. काही विद्यापीठं आपली वेगळी परीक्षाही घेतात. शिष्यवृत्तीच्या नेटला वयाची मर्यादा आहे, नुसत्या पीएच.डी.च्या प्रवेशाला नाही. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते, फक्त नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत पत्र लागतं. आणि नाव नोंदवल्यावर अभ्यासक्रमाचे किमान बारा क्रेडिट पुरे करावेच लागतात, त्यातून ‘घर आहे’ म्हणून सुटका नाही.

नोकरी मिळेल का, हे मोकळेपणी बोलायला हवं. कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला २०२३पासून पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट चालते. तेव्हा नुसती नोकरीच हवी असेल तर आधी ती परीक्षा द्या, प्रबंधाच्या मागे लागू नका. वकिली करायची तर सनद लागते आणि बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा. पीएच.डी.ने त्यांतलं काहीच मिळत नाही. जाऊ आठवड्यातून तीन दिवस एका कॉलेजात तासिकेवर शिकवते, पैसे फारसे नाहीत. पण बचत गटातल्या बायका, गावातल्या शिवणकामवाल्या, मसाले विकणाऱ्या तिच्याकडे जी.एस.टी.ची नोंदणी करावी का, असं विचारायला येतात. वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे ती लागत नाही, सेवा देणाऱ्याला वीस लाखांपर्यंत. आता हे सांगायला पीएच.डी. लागते असं नाही. पण आमच्या आळीत तिच्याआधी कुणी बायकांना हे समजेल असं सांगितलंही नव्हतं.

वेळेचं म्हणाल तर पहाटे पाच ते साडेसहा तिचे. त्या वेळात तिला चहा कर, दूध बघ असं कुणी म्हणायचं नाही, हे सासूबाईंनीच ठरवून दिलंय. दुपारी लिहायला बसायचं नाही, कारण दुपारी दाराची बेल वाजतेच. बुधवारी नि शनिवारी तिची मुलगी मी शाळेतून आणते. त्याच्या बदल्यात ती आमच्या धाकट्याचं गणित घेते. कुणी कुणावर उपकार करत नाही, त्यामुळे टोमणेही नाहीत. पोळ्यांना बाई लावायची का यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. मी लावा म्हणते, ती म्हणते कणीक मळताना तिला वाक्यं सुचतात.

पत्र पाठवणाऱ्या ताई, आता तुमच्यासाठी. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते, त्यातले तुमचे जुने अहवाल शोधा. दीड वर्षाचं आजारपण, नवा कायदा आणि झालेली दोन प्रकरणं, अशा क्रमाने एका पानाचा अर्ज लिहा. उरलेल्या तीन प्रकरणांचं महिनेवारी वेळापत्रक जोडा, आणि ते खोटं आशावादी नको; दिवाळीचा महिना नि नववीच्या परीक्षेचा महिना रिकामा सोडा. गाइडच्या शिफारशीशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून आधी त्यांना भेटा. फोनवर नको, समोर बसून, लिहिलेली प्रकरणं हातात घेऊन. त्या दिवशी मिस्टरांना दुकान तासभर लवकर बंद करून बरोबर यायला सांगा. त्यांनी बोलायची गरज नाही, नुसतं ऐकलं तरी पुरे. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. ‘नंतर या’ म्हणाले तर तिथल्याच बाकावर बसा, डबा बरोबर न्या.

आणि पापड्यांचं म्हणाल तर पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर साबुदाणा नुसता निवडून ठेवा, भिजवू नका.